रक्तात साखर, पेशी उपाशी

माझ्या मुलीने त्या दुपारी मोरीतल्या नळाला तोंड लावलेले मी पाहिले. ते तिला माहीत होते आणि मला माहीत होते, तिसऱ्या कोणाला नाही. पुढची सगळी गुंतागुंत या तिसऱ्या कोणाला माहीत नसण्यातून झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तो तिचा पहिला रोजा होता. आमच्यात लेकरू पहिला रोजा ठेवते तेव्हा रोजाकुशाई करतात. लेकराला नवे कपडे घालतात, गळ्यात फुलांचे हार घालतात, आणि संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना इफ्तारला बोलावून त्याचा रोजा सोडवतात. लग्नाच्या खालोखाल तोच सोहळा. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी, माझी एकुलती एक. आर्णीत माझे टू-व्हीलर दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी आठवडाभर आधीपासून सांगत होतो की येत्या जुम्म्याला, शुक्रवारी, पोरीचा पहिला रोजा आहे, यायचेच. घरात आम्ही हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून बोलतो. इथे मी शक्य तितके मराठीतच लिहितो.

ती बारीक झाली होती हे खरे. शाळेचा ड्रेस खांद्यावरून घसरायचा. रात्री दोन-तीनदा लघवीला उठायची, येताना माठातले पाणी प्यायची. बाथरूममध्ये मुंग्या झाल्या म्हणून बायकोने पावडर टाकली होती. पण मार्च उलटत होता, ऊन चढले होते, पाणी कोण पीत नाही? आणि वाढत्या वयाची पोर बारीक होते, असे मी म्हणालो.

"अजी, पोरगी वाळून चालली," बायको दोन दिवस आधी म्हणाली. "पुढच्या साली करू रोजाकुशाई. एवढी कायची घाई हाय?"

"पाव्हण्यायले सांगून झालं."

"मंग पुन्हा सांगा. तोंड हाय नं तुमाले?"

माझा मोठा भाऊ तिथेच बसला होता. आम्ही सगळे त्याला भाईजान म्हणतो. तो माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, "याच्या पोटाले अजून रमजान लागल्याचं माईतच नाई. लेकीच्या नावानं रोजा ठेवून राह्यला." सगळे हसले. मीही हसलो, आणि गोष्ट तिथेच राहिली.

मुलीला विचारले तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. आता मला वाटते, ती माझ्या तोंडाकडे पाहून हो म्हणाली.

जुम्म्याच्या दिवशी सहरीला, रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, ती भरपूर जेवली. पोळी, अंडे, दही, वरून शेवयांची खीर. मी तिला आग्रहाने दुसरी वाटी दिली, दिवसभर ताकद राहावी म्हणून. सकाळी ती पडूनच राहिली. मशिदीतून दुपारी मी परत आलो तेव्हा पुढच्या खोलीत माझ्या बहिणी आणि भाईजानची बायको फळे चिरत बसल्या होत्या. टरबूज, पपई, चिकू. भज्यांसाठी डाळ वाटणे चालले होते. सगळ्या घरात कापलेल्या फळांचा वास भरला होता. मी हात धुवायला मागे गेलो.

मोरीचे दार अर्धवट लोटलेले होते. ती वाकून नळाखाली तोंड धरून पीत होती. श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. पाणी हनुवटीवरून गळ्यात, कपड्यात जात होते. मला पाहिल्यावर तिने नळ बंद केला आणि भिंतीला टेकली.

"अब्बू, राहवलंच नाई."

"एकदाच पेली?"

तिने मान हलवली. "सकाळपासून लय वेळा. पेते अन् पुन्हा तहान लागते." मग ती रडायला लागली. "रोजा तुटला का माझा?"

लेकरावर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नसतो, हे मला माहीत होते. ज्याची तब्येत बरी नाही त्याच्यावर तर नसतोच, हेही लहानपणापासून ऐकलेले. मी एवढेच म्हणायला हवे होते, की तुटला तर तुटला, चल, पोटभर पाणी पी. आणि दुसरे, अधिक सोपे, विचारायला हवे होते: सकाळपासून एवढे पाणी प्यायलेल्या लेकराची तहान जात का नाही? पण पुढच्या खोलीत बहिणींच्या बोलण्याचा आवाज येत होता आणि माझ्या डोक्यात पाहुणे होते.

"कोणाले सांगू नोको," मी म्हणालो. "थोडा वेळ राह्यला आता. संध्याकाळवरी पिऊ नोको, बस. माझी कसम घे."

तिने माझी कसम घेतली. ती खोटे बोलणारी पोर नाही. तिने ती पाळली.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर बायको तिला तयार करायला आत गेली आणि लगेच तिची हाक आली. हिरवा नवा ड्रेस अर्धा अंगात घातलेला, मुलगी पलंगावर आडवी होती. तिला उलटी झाली होती आणि पोट दाबून धरले होते. डोळे उघडे होते पण आमच्याकडे पाहत नव्हते. श्वास मात्र जोरजोरात चालला होता, खोल, जणू आताच मैदानाला चक्कर मारून आली. मी हाक मारली तर "हं" म्हणाली, पुढे काही नाही.

"रोजा लागला पोरीले," बहीण म्हणाली. सगळ्यांना तेच वाटले. भाईजानने आपली व्हॅन काढली. हारांचा पुडा पुढच्या सीटवर ठेवलेला होता, तो मागे फेकून त्याने मला पुढे बसवले. गावातल्या डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांची गाडी माझ्याकडेच दुरुस्तीला येते.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ पाहिली. जीभ लाकडासारखी कोरडी. "कधीपासून उपाशी आहे?"

"सहरीपासून," मी म्हणालो. "रोजा आहे तिचा. पहिला."

"पाणी?"

बायको माझ्या बाजूला, भाईजान दारात, त्याच्या मागे माझे दोन मेहुणे. मी म्हणालो, "थेंब नाही."

"शुगर पाहून घेऊ एकदा."

"डॉक्टर, दिवसभराचा उपास आहे, साखर कमीच असणार नं. आधी ताकदीची बाटली लावा. पाहा नं कशी करून राह्यली."

आमच्याकडे अशक्तपणा म्हटला की बाटली. ताप असो, ऊन लागो, परीक्षेच्या आधी लेकरू थकलेले असो, माणूस स्वतः जाऊन म्हणतो, एक ग्लुकोजची लावून द्या. लावली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. बाहेर बाकावर रोगी ताटकळत होते. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्या जिभेकडे, आणि नर्सबाईंना ग्लुकोज लावायला सांगितले. त्यांना मी दोष देत नाही. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेले लेकरू समोर असते तर कदाचित तेच बरोबर ठरले असते. त्यांच्यासमोर ते लेकरू नव्हतेच. मी त्यांना दुसऱ्याच मुलीची हकीकत सांगितली होती.

बाटली सुरू झाली तशी मलाही बरे वाटले. आता उठेल, मी मनात म्हणालो. पण श्वास शांत होईना, उलट आणखी खोल जाऊ लागला. प्रत्येक श्वासाला बरगड्या दिसत होत्या. तेवढ्यात बायकोने चादरीवर हात ठेवला आणि काढून घेतला. चादर ओली होती. गादीपर्यंत ओल गेली होती.

नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर चादरीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी सावकाश विचारले, "सकाळपासून थेंब नाही म्हणता. मग एवढी लघवी कुठून आली?"



"सकाळपासून जाऊन राह्यली लघवीले," बायको म्हणाली. "रातीही उठते. पण पाणी नाई पेली जी ती. सकाळपासून माह्या समोर हाय."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. भाईजान पाहत होता. मला आठवते की त्याही क्षणी मी एक खोटे शोधत होतो. म्हणजे, सकाळी चूळ भरताना थोडे गेले असेल, असे काहीतरी. मुलीचा हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि मी शब्द जुळवत होतो. मग तिने कण्हत पाणी मागितले. माझ्याकडे नाही, आईकडे.

"पेली," मी म्हणालो. "सकाळपासून पीत होती. मी पाह्यलं. मीच कसम घातली तिले."

"काय?" बायको म्हणाली.

"सगळे येणार होते म्हणून."

"मंग पह्यले काहून नाई सांगतलं बे!" भाईजान असा ओरडला की बाहेरचे रोगी उठून उभे राहिले. "लेकीपेक्षा हार मोठा झाला का तुले?"

डॉक्टरांनी कोणाचेच ऐकले नाही. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. ते छोटे यंत्र मी आधी पाहिलेले होते, त्यावर आकडा येतो. या वेळी आकडा आला नाही. इंग्रजीतली दोन अक्षरे आली.

"बिघडली का मशीन?" मी विचारले.

"नाही. मोजता येत नाही इतकी साखर आहे." ते वाकून तिच्या तोंडाजवळ गेले, वास घेतला. फार पिकलेल्या, उतरून गेलेल्या फळाचा वास. तो वास घरीही येत असला पाहिजे. पण त्या दिवशी आमच्या घरात फळांच्या वासाशिवाय दुसरे होते काय? त्यांनी ग्लुकोजची नळी स्वतः बंद केली, साधी सलाईन लावली, फोनवर कोणाला तरी सांगितले आणि आम्हाला म्हणाले, "यवतमाळ. आत्ता. रस्त्यात कुठेही थांबू नका."

नर्सबाई सोबत आल्या. मागच्या सीटवर मुलीचे डोके बायकोच्या मांडीवर, आणि मी वाकून बाटली उंच धरून. बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. व्हॅनमध्ये फक्त तो श्वास होता. तो इतका मोठा होता की भाईजान गाडी चालवताना अर्धा मागेच ऐकत होता. कधी मध्येच तिचा श्वास क्षणभर थांबल्यासारखा वाटे आणि आम्ही सगळेच आपला धरून ठेवू.

रस्त्याकडेच्या एका गावात अजान झाली, रोजा सोडायची वेळ. कोणीच हलले नाही. भाईजानने एका हाताने डॅशबोर्डवरची खजुरांची पुडी मागे दिली. "खा. तुमी दोघं पडले तर तिले कोण पाह्यल?" बायकोने एक खजूर तोंडात ठेवला, आणि रडत चावला. मी एक घेतला. थोड्या वेळाने माझ्या हाताची थरथर कमी झाली, डोके जरा साफ झाले, बाटली अधिक सरळ धरता येऊ लागली. त्या वेळी मी त्यावर विचार केला नाही. नंतर मात्र पुष्कळ केला. एका खजुरातली साखर माझ्या अंगात कामाला लागली होती, आणि माझ्या हाताखाली पडलेल्या पोरीच्या रक्तात यंत्राला मोजता येणार नाही एवढी साखर होती, आणि तिला बोट हलवायची ताकद नव्हती.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिला सरळ आत नेले. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टरबाई बाहेर आल्या. बायकोने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा: "मॅडम, पोटभर जेवते ती. आज सकाळीही जेवली. मग एवढी सुकली कशी?"

डॉक्टरबाई घाईत होत्या, तरी भिंतीला टेकून त्यांनी सांगितले. आपण खातो ते पोटात जाते, तिथे त्याची साखर होते, ती रक्तात येते. इथपर्यंत तुमच्या मुलीचे सगळे नीट आहे. पण ताकद रक्तात तयार होत नाही. शरीर लहान लहान पेशींचे बनलेले असते, साखर त्या पेशीच्या आत जावी लागते. आत गेल्यावर तिथे ती हळूहळू जाळली जाते, आपण श्वासाने घेतलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने, आणि त्यातून जी ऊर्जा निघते त्यावर हृदय चालते, मेंदू चालतो, बोट हलते. श्वास छातीत घेतला जातो, पण त्याचे खरे काम पेशीत होते. साखरेला पेशीच्या आत घ्यायला इन्सुलिन लागते. तिच्या शरीरात ते बनणे जवळजवळ बंद झाले आहे.

"म्हणजे आमी खाऊ घालत होतो, अन् ती उपाशीच होती?" बायको म्हणाली.

"हो. साखर दारात उभी आणि आत उपास. जास्तीची साखर लघवीतून जाते, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून तहान."

मी आयुष्यभर इंजिने उघडत आलो आहे, मला ते लगेच कळले. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलचा थेंब नाही. गिऱ्हाईक अशी गाडी घेऊन येते तेव्हा मी आणखी पेट्रोल टाक म्हणत नाही. पोरीच्या बाबतीत मी तेच करत होतो. खिरीची दुसरी वाटी, शेवटी बाटली.

"मग एवढा श्वास?"

"साखर मिळत नाही म्हणून शरीराने चरबी जाळायला घेतली. ती इतक्या घाईत जळते की अर्धवट राहते, त्यातून आम्ल तयार होते. रक्त आंबट होत जाते. ते बाहेर टाकायला ती जोरात श्वास घेते आहे. तो वास त्याचाच."

जळण नीट न जळणाऱ्या गाडीचा काळा धूर मी रोज पाहतो. मी मान हलवली. मग म्हणालो, कारण म्हटल्याशिवाय मला राहवले नसते, "ग्लुकोज लावायला मीच लावलं. अन् पाणी मीच बंद केलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "ग्लुकोज फार गेलेलं नव्हतं. पाणी बंद करायला नको होतं. आणि उशीर झाला." मग म्हणाल्या, "रोजाने हा आजार झालेला नाही. आज नाहीतर पुढच्या आठवड्यात हे झालंच असतं." मी त्या शेवटच्या वाक्याला धरून बसण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. ते खरे आहे, आणि पाण्याबद्दलचे वाक्यही खरे आहे.

अजून धोका टळला नव्हता. साखर एकदम खाली आणली तर मेंदूला सूज येते, म्हणून इन्सुलिन थेंबाथेंबाने द्यायचे आणि पाहत राहायचे, असे त्या सांगून गेल्या. रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. सकाळी काचेतून पाहिले तर ती तशीच श्वास घेत होती. पुन्हा पाहिले, तशीच. दुपारकडे बायको काचेला कपाळ लावून उभी होती, ती अचानक माझी बाही ओढायला लागली. आदल्या संध्याकाळनंतर तिने मला लावलेला तो पहिला हात. मी पाहिले. मुलीची छाती हळू वरखाली होत होती, झोपलेल्या लेकराची होते तशी.

ती पूर्ण शुद्धीवर आली तेव्हा आम्हाला एकेकाला आत सोडले. ती मला म्हणाली, "अब्बू, मी नंतर पाणी नाई पेली."

"माईत हाय मले."

"तुमी सांगतलं का?"

"सांगतलं. सगळ्यायसमोर."

तिने विचार केला. "आधी सांगून द्या लागत होतं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केले. कोणी, तिने की मी, हे मी विचारले नाही. दोन्ही अर्थांनी ती बरोबर होती म्हणावे तर तेही नाही. तिने कशाला सांगायचे होते?

घरी जाण्याआधी सिस्टरने आम्हाला इंजेक्शन द्यायला शिकवले. प्रत्येक जेवणाआधी, रोज, कायमचे. मी आधी हात पुढे केला. माझी बोटे जाड आहेत, नखांत ग्रीसचे काळे कायमचे बसले आहे, पण बारीक काम त्यांना जमते. मुलीने पोटावरचा कपडा खाली ओढला. "तुमी नोका. अम्मी देईल." बायकोने दिले.

असे बरेच महिने चालले. घरात ती माझ्याशी बोलायची, शाळेच्या गोष्टी सांगायची, भाईजान माझ्या पोटावर करतो तसेच विनोद त्याच्या पोटावर करायची. पण जेवणाची वेळ झाली की सुई घेऊन आईकडे जायची. मी ताटावर बसून पाहत असे. तिची मांडी भरत चालली होती, गालांवर रंग आला होता. एवढेसे औषध आत जाते आणि पोळी तिच्या अंगाला लागते, हे मी रोज दुरून पाहत होतो, आणि मला वाटे, हेच बरोबर आहे, हे काम माझ्या हातात नसावे.

मागच्या पावसाळ्यात बायकोच्या भावाला बरे नव्हते म्हणून ती दिग्रसला गेली. मुलीची चाचणी परीक्षा होती, ती घरी राहिली. संध्याकाळी मी पोळ्या आणि वांग्याची भाजी केली, वाढायला घेतले आणि थांबलो. ती स्वतः टोचून घ्यायला शिकली होती, मला वाटले तसे करेल. तिने साखर पाहिली, आकडा मला वाचून दाखवला, औषध भरले. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सुई माझ्याकडे धरली.

"माह्याच्यानं मागच्या बाजूला होत नाई," ती म्हणाली. "दंडावर द्या. अन् लगेच नोका काढू. दहा मोजा लागते."

मी साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले.

"अब्बू, भाजी थंडी होऊन राह्यली."

मी दंडाची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. ती हलली नाही. मोजत तीच होती, शाळेतल्या बाईंसारखी, एकेक आकड्यावर थांबून. दहा झाल्यावर मी सुई काढली.

"वाढा आता," ती म्हणाली.